गावातील बालसाहित्यिक शिक्षकाचे चरित्र कसे लिहावे

गोव्यातील बहुतेक गावांत असा एक तरी मास्तर किंवा अशी एक तरी बाई होऊन गेलेली असते, की जिने आयुष्यभर मुलांना शिकवले आणि शिकवता शिकवता मुलांसाठी लिहिलेही. पातळ कागदावर छापलेला एखादा कवितासंग्रह, स्नेहसंमेलनासाठी रचलेल्या चार नाटुकल्या, दैनिकाच्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर आलेल्या गोष्टी, असे हे लेखन असते. जन्मशताब्दी जवळ आली की वाचनालयाला स्मरणिका काढावीशी वाटते आणि चरित्रलेखाचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडते. माझ्या गळ्यात ते दोनदा पडले. पहिला लेख मी जन्म, शिक्षण, नोकरी, पुस्तकांची नावे, सत्कार आणि निधन या ठरलेल्या क्रमाने लिहिला. छापून आल्यावर वाचला तेव्हा लक्षात आले, की नाव बदलले असते तर तो लेख शेजारच्या गावातील कोणत्याही मास्तरांना चालला असता.

दुसऱ्या वेळी मी एकच गोष्ट वेगळी केली. मुलांसाठी लिहिणारा शिक्षक समोर बसलेल्या मुलांसाठी लिहितो. म्हणून त्याची शाळा आणि त्याचे लेखन यांची दोन स्वतंत्र प्रकरणे करायची नाहीत, असे ठरवले. पुढे जी पद्धत सांगितली आहे, ती या निश्चयातून हळूहळू तयार झाली.

दोन रकान्यांची वही

एक जाड वही घ्यावी आणि चरित्रनायकाच्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला एक पान द्यावे. पानाच्या डाव्या अर्ध्या भागात शाळेची माहिती लिहावी: गाव कोणते, इमारत कोणती, वर्ग कोणते, एका खोलीत किती इयत्ता बसत होत्या, सोबत दुसरे शिक्षक होते की नाही. उजव्या भागात त्याच वर्षीचे लेखन टिपावे: काय लिहिले, कोठे छापले, काय छापायचे राहून गेले. पहिले कित्येक दिवस ही वही रिकामीच दिसते आणि त्याची लाज वाटू देऊ नये, कारण कोणती पाने कोरी आहेत हे कळणे हीच या कामाची सुरुवात आहे.

या वहीचा उपयोग कसा होतो, हे सर्वांना परिचित असलेल्या एका आयुष्यावरून दाखवता येईल. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड येथे झाला. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. १९३० साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. एवढ्या नोंदी दोन रकान्यांत समोरासमोर मांडल्या, की एक गोष्ट आपोआप दिसते: ज्या पुस्तकाने त्यांना घरोघरी नेले ते शाळा सुटल्यानंतर, मुले समोर नसताना लिहिले गेले, आणि तरीही त्याची मांडणी रात्री गोळा झालेल्या मुलांना कोणीतरी कहाणी सांगत बसावे अशीच आहे. छात्रालयातील वर्षांची पाने वहीत नसतील, तर हा आवाज आला कोठून, याचे उत्तर देता येत नाही.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांच्या बाबतीत डावा रकानाच भरून वाहतो. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ, १९४५ पासून बोर्डी, १९५७ पासून कोसबाड, असा तो पसरत जातो आणि उजवीकडचे लेखन त्या कामाची शिदोरी म्हणून वाचावे लागते. आपल्या गावातील बाईंचे चरित्र यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे वही अर्धी भरली की कळते. ते आधीच ठरवून लिहायला बसू नये.

गोव्याची वर्षे

गोव्यातील शिक्षकाचे आयुष्य मांडताना महाराष्ट्रातील चरित्रांचा साचा जसाच्या तसा वापरता येत नाही, कारण येथील वळणाची वर्षे निराळी आहेत. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, त्यानंतर येथील हिंदू समाजाला धार्मिक आणि शैक्षणिक बाबतीत मोकळीक मिळाली आणि गावोगावी मराठी शाळा उभ्या राहू लागल्या. त्यापूर्वीचे शिक्षण शेणवीमामाच्या, म्हणजे गावात खासगी शिकवणाऱ्या पंतोजीच्या पडवीत, पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवत होत असे. चरित्रनायकाचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील असेल, तर तो स्वतः अक्षर कोठे शिकला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मामाच्या पडवीतून आलेला माणूस आणि वर्गखोलीतून आलेला माणूस मुलांशी वेगळ्या तऱ्हेने बोलतो.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापावयाचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जात असे. त्या काळात लिहिलेल्या मुलांच्या गोष्टीत शिवाजी महाराज आले असतील, तर ती गोष्ट गोव्यात छापली की मुंबईत, स्वतःच्या नावाने छापली की टोपणनावाने, हे अवश्य पाहावे. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सत्याग्रह केला, त्यानंतर अनेक शिक्षक गोवा मुक्तीच्या चळवळीत ओढले गेले. नोकरीत कारण न सांगितलेला खंड दिसला, तर गोवा गॅझेटिअर विभागाने प्रसिद्ध केलेला स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश चाळावा. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली आणि सीमेवरची ये-जा जवळजवळ थांबली. मुंबई-पुण्याच्या मासिकांत नियमाने लिहिणारा गोमंतकीय लेखक १९५५ ते १९६१ या वर्षांत गप्प दिसला, तर त्याची प्रतिभा आटली असा निष्कर्ष घाईने काढू नये.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्यानंतर दोन्ही रकाने एकदम भरू लागतात. १९६२ साली ‘गोमन्तक’, १९६३ साली ‘राष्ट्रमत’ आणि १९७० साली ‘नवप्रभा’ अशी मराठी दैनिके निघाली. १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि सत्तरी, सांगे, काणकोण अशा तालुक्यांतील आडगावी शिक्षकांच्या बदल्या होऊ लागल्या. यांतील कित्येक शिक्षक सीमेपलीकडून आले होते, म्हणून ‘गोमंतकीय लेखक’ हे विशेषण लावण्यापूर्वी जन्मगाव तपासावे आणि जन्म बाहेरचा निघाला म्हणून ते विशेषण काढूनही टाकू नये. गोव्याचे स्वतंत्र शालान्त मंडळ १९७५ साली झाले. त्याआधीचे विद्यार्थी पुणे मंडळाच्या परीक्षेला बसत, हे ध्यानात असले म्हणजे जुन्या प्रमाणपत्रांवरील शिक्का पाहून गोंधळ उडत नाही.

नाव, जन्मतारीख आणि पगार

पहिल्या लेखात मी जन्मतारीख एका संस्थेच्या जुन्या स्मरणिकेतून उचलली. ती त्या स्मरणिकेने शाळेच्या रजिस्टरातून घेतली होती, आणि रजिस्टरात ती प्रवेशाच्या सोयीने, १ जून अशी लिहिलेली होती. घरच्या मंडळींनी पंचांगातली तिथी सांगितली तेव्हा सात महिन्यांचा फरक निघाला. म्हणून घरातील जन्मपत्रिका, शाळेचे रजिस्टर आणि तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयातील नोंद अशा तिन्ही जागा पाहाव्यात. शके वरून इसवी सन काढताना पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे, एवढे विसरले की चरित्रनायकाचे वय एका वर्षाने चुकते.

जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत आणि नावांची लिपी पाहून माणूस ओळखू येत नाही. ‘श’ या उच्चारासाठी तेथे एक्स हे अक्षर येते, ‘प्रभू’ हे ‘पोरोबो’ होतात, ‘कामत’ हे ‘कामोतीं’ होतात, आणि ‘शेणै’ हे ‘सिनाय’ म्हणून सापडतात. डिचोली, साखळी, पेडणे, केपे या गावांची पोर्तुगीज रूपे आधीच एका कागदावर लिहून न्यावीत. शिवाय आडनाव गावावरून पडलेले असेल, तर वडिलांच्या पिढीत ते नसण्याची शक्यता असते. अशा वेळी वडिलांचे आणि आजोबांचे नाव हाच खरा धागा.

पगाराचा आकडा मिळाला तर तो जरूर द्यावा, मात्र चलन सांगून द्यावा. पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपया १९५८-५९ च्या सुमारास जाऊन त्याच्या जागी एस्कुद आला आणि एका रुपयाचे सहा एस्कुद झाले. त्यामुळे त्या वर्षी मास्तरांचा पगार सहापट वाढला असे लिहून हसे करून घेऊ नये.

साल नसलेली पुस्तके

मुलांच्या जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठे फाटलेली असतात आणि प्रकाशनाचे साल बहुधा मुखपृष्ठामागच्याच पानावर असते. पुस्तकाच्या अंगावर मात्र इतर खुणा राहतात. किंमत आण्यांत असेल, तर भारतात छापलेले ते पुस्तक साधारणपणे एप्रिल १९५७ च्या आधीचे धरावे, कारण त्या महिन्यात दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असे छापले असेल, तर ते १९५७ ते १९६४ या काळातील असण्याचा संभव अधिक. प्रकाशकाच्या पत्त्यात पिनकोड असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचे. शुद्धलेखनही बोलते. ‘घरांत’, ‘मुलें’, ‘कांहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार असतील, तर लेखन बहुधा १९६२ च्या नव्या नियमांच्या आधीचे असते. पण जुन्या वळणाचे शिक्षक पुढेही कित्येक वर्षे हे अनुस्वार देत राहिले, त्यामुळे ही खूण एकटीच्या बळावर वापरू नये.

प्रत्येक पुस्तकाची नोंद करताना चित्रकाराचे नाव लिहायला विसरू नये. मुलांच्या पुस्तकात चित्र निम्मे पुस्तक असते, आणि आपल्या सूच्यांतून नेमके तेच नाव गळते.

पुस्तके न मिळाल्यास नियतकालिकांकडे वळावे. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही १८३२ सालापासून चालत आलेली संस्था आहे. तेथे जाताना ‘सगळे दाखवा’ म्हणून न जाता वहीतील नेमकी वर्षे घेऊन जावे. ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत, तेव्हा तेथील शोध घरबसल्या होतो. घरातील कागदांसाठी मात्र वेळ साधावी लागते. चवथीपूर्वी, म्हणजे गणेश चतुर्थीपूर्वी, घरे साफ होतात आणि माळ्यावरच्या पेट्या त्याच वेळी रिकाम्या केल्या जातात, म्हणून वारसांकडे जायचे ते श्रावणाच्या आधी. वाळवी लागलेले किंवा दमटपणाने चिकटलेले कागद ओढून सोडवू नयेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये. पडवीतील उजेडात, सावलीत धरून मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद त्याच दिवशी, त्याच क्रमाने परत करावेत.

विद्यार्थ्यांना काय विचारावे

या कामातील सर्वांत मौल्यवान भाग येथे आहे आणि सर्वांत जास्त वेळही येथेच द्यावा. ‘गुरुजी कसे होते?’ असा प्रश्न विचारला, की ‘फार प्रेमळ, पण शिस्तीचे’ हे उत्तर ठरलेले असते. वयाची सत्तरी ओलांडलेला विद्यार्थी हे उत्तर देतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. प्रश्नच असा असतो, की त्याला आठवावे लागत नाही. त्याऐवजी त्याला आठवायला लावणारे, लहान आणि वस्तूंविषयीचे प्रश्न विचारावेत. छडी कोठे ठेवलेली असे? शनिवारचा शेवटचा तास कसा जाई? फळा कोण पुसत असे? पावसात छप्पर गळू लागले की वर्ग कोणत्या बाजूला सरकत असे? त्यांची एखादी कविता म्हणून दाखवता येईल का?

शेवटचा प्रश्न हमखास उपयोगी पडतो. माणसे कविता सांगत नाहीत, ती चालीवर म्हणू लागतात, आणि ती चाल कोणत्याही संग्रहात छापलेली नसते. छापील ओळ आणि आठवणीतली ओळ यांत फरक पडला, तर दोन्ही टिपून घ्याव्यात. मास्तरांनी वर्गात म्हणताना बदललेला शब्द कधी कधी छापलेल्या शब्दापेक्षा सरस निघतो.

गोव्यात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ते रागावत कोणत्या भाषेत? मुले घरी कोंकणी बोलत, पाठ मराठीत होत, आणि या दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावर शिक्षक उभा असे. एका वृद्ध विद्यार्थिनीने मला सांगितले, की बाई शिकवायच्या मराठीत, ओरडायच्याही मराठीत, पण मूल रडू लागले की त्याला जवळ घेऊन कोंकणीत बोलायच्या. त्या एका वाक्याने त्यांच्या कवितांत मधूनच येणाऱ्या कोंकणी शब्दांचा उलगडा झाला. लेखकाने दोन्ही भाषांत लिहिले असेल, तर दोन्हींची यादी द्यावी आणि एकीला दुसरीच्या परिशिष्टात ढकलू नये. मराठी-कोंकणी भाषावादात कोण कोणत्या बाजूला होते, हे नोंदवावे, परंतु लेखाचा न्यायनिवाडा होऊ देऊ नये.

काही उत्तरे अवघड असतात. ज्यांनी फुलपाखरांवर हळुवार कविता लिहिल्या, त्यांनीच हातावर वळ उठेपर्यंत मारले, असे तीन वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे सांगितले तर ते लिहावे, असे माझे मत आहे. एकानेच सांगितले असेल, तर थांबावे आणि आणखी विचारावे. शाळा देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत) किंवा सभामंडपात भरत असेल, तर कोणाची मुले आत बसत, कोणाची दाराशी बसत आणि कोणाची येतच नसत, हेही विचारावे. शिक्षकाने त्या बाबतीत काही केले असेल, तर ते त्याच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठे असू शकते. काही केले नसेल, तर तेही त्याच्या काळाचे वर्णन म्हणून एका वाक्यात यावे. कुटुंबीयांना हा भाग छापण्यापूर्वी दाखवणे शिष्टाचाराचे आहे; मात्र दाखवणे म्हणजे खोडण्याचा अधिकार देणे नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

साहित्य वाचताना

लेखन गोळा झाले, की ते पुस्तकांच्या क्रमाने न वाचता बदल्यांच्या क्रमाने वाचावे. किनाऱ्यालगतच्या शाळेत असताना खाजन (खाडीकाठची बांध घालून राखलेली शेते), बांध आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, शिरणारे पाणी गोष्टींत येते का? सत्तरीत बदली झाल्यावर रान आणि गवे येतात का? की सगळ्याच कवितांत, पाठ्यपुस्तकांतून उचललेली, कधीही न पाहिलेली बर्फाची शिखरे आहेत? हा निकष मी थोडा कठोरपणे लावतो, हे मान्य आहे. तरीही चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीला, बांधायची रानफळे मुलांकडून गोळा करवून त्यांची नावे कवितेत गुंफणारा शिक्षक आणि द्राक्षांवर कविता करणारा शिक्षक यांत मला पहिलाच अधिक वाचावासा वाटतो. माटोळीची कविता हा वनस्पतिशास्त्राचा तासही असतो, आणि तेथे शिक्षक व लेखक वेगळे काढता येत नाहीत.

पुरस्कारांसाठी एक परिच्छेद पुरे. कोणत्या संस्थेने, कोणत्या वर्षी, कोणत्या पुस्तकासाठी, एवढे सांगून पुढे जावे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो, तेव्हा त्याआधी वारलेल्या लेखकाला तो मिळाला नाही म्हणून उपेक्षेचा सूर लावण्यात अर्थ नाही.

उद्धृते देताना कायद्याचे भान ठेवावे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात आणि ही मोजणी निधनाच्या पुढील वर्षारंभापासून होते, म्हणजे १९७० साली वारलेल्या लेखकाचे हक्क २०३० च्या अखेरीपर्यंत टिकतात. दीर्घ कादंबरीतील आठ ओळी घेणे निराळे आणि आठच ओळींची बालकविता घेणे निराळे, कारण तेथे पूर्ण कृतीच उचलली जाते. वारसांकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्यावी. गावात ती कोणी नाकारत नाही, फक्त मागावी लागते.

लिहिताना आणि छापताना

लेखाची सुरुवात जन्माने करू नये, वर्गातील एखाद्या सकाळीने करावी. जन्म दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात सहज येतो. माझ्या दुसऱ्या लेखाची सुरुवात शाळेच्या पितळी घंटेच्या आवाजाने होते, आणि ती घंटा ऐकून खाजनाच्या बांधावरून धावत येणारी मुले पुढे त्यांच्या गोष्टीत कशी आली, तेथून लेख वहीच्या पानांत शिरतो. आदरार्थी बहुवचन शेवटपर्यंत ठेवावे. ‘थोर’, ‘महान’, ‘ऋषितुल्य’ या विशेषणांना मात्र मजकुरात जागा देऊ नये, ती अध्यक्षीय भाषणात पुष्कळ येतात. मसुदा तयार झाल्यावर चौथीच्या एका वर्गात मोठ्याने वाचून दाखवावा. मुले जेथे चुळबुळ करतील, तेथे बहुधा सत्कारांची यादी असते.

स्मरणिकेची एक प्रत गावच्या वाचनालयात, एक शाळेत आणि एक पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोचवावी. वाचनालयातील प्रतीच्या शेवटी चार कोरी पाने शिवून घ्यावीत आणि ज्याला दुरुस्ती सुचवायची असेल त्याने ती तेथे लिहावी, अशी चिठ्ठी लावावी. माझ्या लेखाच्या प्रतीत पहिल्याच आठवड्यात कोणीतरी शिसपेन्सिलीने लिहून ठेवले आहे: ‘घंटा पितळेची नव्हती. आगगाडीच्या रुळाचा तुकडा होता. तो मीच वाजवायचो.’